१०० डॉलरचा प्रेस की १,००० चा? अंबडच्या वर्कशॉपमध्ये सोडवलेलं एक प्रकरण

दिवाळीत अंबडची औद्योगिक वसाहत चार दिवस गप्प असते. पाडव्याच्या दुपारी मी आणि माझा भाचा ओळखीच्या एका बंद वर्कशॉपचं शटर उघडून आत गेलो. दोन हातप्रेस, एक डायल गेज आणि पितळी नळीचे तुकडे घेऊन संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. गंगापूर रोडला ताई फराळाची ताटं झाकून वाट बघत होती.

भाचा बारा वर्षांपासून अमेरिकेत, ॲरिझोनात राहतो. आता तिथलाच नागरिक आहे. शाळेत असल्यापासून त्याला नेमबाजीचं वेड होतं. तिकडे गेल्यावर तो रेंजवर नियमित जायला लागला आणि वर्षभरापासून स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. वापरलेली पितळी पुंगळी फेकून न देता तिला पुन्हा मापात आणायचं, तिच्यात नवा प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी), पावडर आणि गोळी बसवायची, याला ते लोक रीलोडिंग म्हणतात. हे सगळं ज्यावर होतं तो टेबलाला बोल्ट केलेला हातप्रेस असतो. त्याच्याकडचा प्रेस सर्वांत स्वस्त गटातला होता आणि त्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

"मामा, तुम्ही आयुष्य प्रेसवर काढलंत. मला एवढंच सांगा, हा विकून चांगला प्रीमियम घेऊ का?"

नाशिकमध्ये 'प्रेस' म्हटलं की आधी नाशिकरोडचा नोटांचा छापखाना डोळ्यांसमोर येतो, पण माझ्यासारख्या सातपूर-अंबडच्या माणसाला आठवतो तो पॉवर प्रेस. एकतीस वर्षं मी टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवल्या आणि प्रेसवर बसवल्या. बंदूक कधी हातात धरली नाही, पण पितळेवर डाय दाबल्यावर काय होतं ते मला कळतं. म्हणून मी हो म्हणालो.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलं तिकडे असतील, म्हणून कायद्याचं आधी सांगतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायची तर लागतो. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे. पण वर्क व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर तिथे बंदूक आणि काडतुसं बाळगायलाच मनाई आहे. आपल्याकडे तर याहून कडक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे रिकामी पुंगळी किंवा तो छोटा प्रेस सामानातून आठवण म्हणून आणणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो. भाच्याला हे माहीत होतं. त्याने येताना फक्त वही आणली होती. त्यामुळे अंबडमध्ये आम्ही जे केलं ते साध्या नळीच्या तुकड्यांवर केलं. काडतुसाशी त्याचा संबंध फक्त धातूपुरता होता.

त्याची तक्रार

तो दोन प्रकारची काडतुसं भरतो. पिस्तुलाच्या सामन्यांसाठी ९ मिमीची, महिन्याला साधारण ५००. आणि लांब अंतरावरच्या रायफलसाठी ३०८ विंचेस्टरची, महिन्याला ६० च्या आसपास. पिस्तुलाच्या बाबतीत त्याची तक्रार वेळेची होती, रायफलच्या बाबतीत मापाची.

मापाची तक्रार समजून घ्यायची तर पुंगळीचा आकार डोळ्यांसमोर आणावा लागेल. ३०८ ची पुंगळी बाटलीसारखी असते: बुड, अंग, मग तिरका खांदा आणि वर गळा. गोळी झाडताना आतला दाब पुंगळीला चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीवर फुगवतो. अमेरिकेतल्या काडतूस उद्योगाच्या मानकात ३०८ चा कमाल सरासरी दाब ६२,००० पीएसआय आहे, ९ मिमीचा ३५,०००. गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो, म्हणजे पिस्तुलाच्या त्या इवल्या पुंगळीतला दाब टायरच्या हजारपट असतो. एवढं फुगल्यावर पुंगळी पुन्हा वापरायची तर डायमध्ये दाबून तिचा खांदा थोडा मागे ढकलावा लागतो. बरेच जण साधारण २ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ५० मायक्रॉन मागे घेतात. कमी ढकलला तर पुंगळी चेंबरमध्ये अडते. फार ढकलला तर प्रत्येक वेळी पितळ ताणलं जातं आणि बुडाजवळ भिंत पातळ होत जाऊन एक दिवस तिथूनच तुटते.

भाच्याच्या वहीत हे ढकलणं एका पुंगळीत १ थाऊ, दुसरीत ६ थाऊ असं येत होतं. डाय तीच, सेटिंग तेच. त्याने दोष प्रेसला दिला. त्याचा प्रेस ॲल्युमिनियमचा, सी आकाराच्या फ्रेमचा होता. (कंपनीचं नाव घेत नाही.) त्याऐवजी पाच स्टेशनांचा (म्हणजे पाच कामांच्या पाच जागांचा), आपोआप फिरणारा प्रीमियम प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्यायचा आणि दोन्ही काडतुसं त्याच्यावरच भरायची, असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं. जोडीच्या साहित्यासकट खर्च १,५०० डॉलरच्या घरात जात होता.

बाजारात काय मिळतं

या यंत्रांची दुनिया फार मोठी नाही. सगळ्यांत साधा तो सिंगल स्टेज: एक रॅम (वर-खाली होणारा दांडा), एक डाय, एका वेळी एक काम. सगळ्या पुंगळ्यांचं एक काम उरकायचं, डाय बदलायची आणि पुढचं काम घ्यायचं. डायचे आटे बहुतेक ठिकाणी एकाच मापाचे असतात, ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे, म्हणून एका कंपनीची डाय दुसऱ्याच्या प्रेसवर बसते. याला अपवादही आहेत. डिलनचा स्क्वेअर डील बी हा प्रेस स्वतःच्याच खास डाय मागतो.

पुढची पायरी टरेट. यात चार किंवा जास्त डाय एका फिरत्या डोक्यावर बसवलेल्या असतात. पुंगळी जागेवरच राहते, डोकं फिरतं आणि चार स्ट्रोकमध्ये, म्हणजे हँडल चारदा ओढल्यावर, एक काडतूस पूर्ण होतं. त्याच्या पुढचा प्रोग्रेसिव्ह. इथे डाय स्थिर असतात आणि पुंगळ्यांची चकती फिरते. एका स्ट्रोकमध्ये चार-पाच पुंगळ्यांवर चार-पाच कामं होतात आणि प्रत्येक स्ट्रोकला एक तयार काडतूस बाहेर पडतं. आपल्या प्रेस शॉपमधली प्रोग्रेसिव्ह डाय ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच उमजेल.

नावं भाच्याच्या तोंडी सारखी येत होती. विस्कॉन्सिनची ली ही किफायतशीर म्हणून ओळखली जाणारी. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये १९४३ साली सुरू झालेली आरसीबीएस. 'रॉक चक बुलेट स्वेज' या लांब नावाची ती आद्याक्षरं आहेत, आणि तिच्या रॉकचकर या बिडाच्या प्रेसचं नावही त्याच 'रॉक चक'वरून आलं. नेब्रास्काची हॉर्नडी. आणि त्याच्याच राज्यातल्या स्कॉट्सडेलची डिलन, जिचे प्रोग्रेसिव्ह प्रेस लोक वर्षानुवर्षं वापरतात. फॉर्स्टरचा को-ॲक्स हा आणखी वेगळा. त्यात डाय आट्यांनी आवळायची नसते, खाचेत सरकवून थोडी तरंगती ठेवतात, म्हणजे ती पुंगळीशी स्वतःच एका रेषेत येते. टूलरूमच्या माणसाला ही कल्पना फार आवडते.

किमती बदलत असतात, पण अंदाज असा: साधा ॲल्युमिनियमचा सिंगल स्टेज १०० डॉलरच्या आसपास, चांगला बिडाचा २०० च्या आगेमागे, आणि पाच स्टेशनांचा प्रीमियम प्रोग्रेसिव्ह ८०० च्या पुढे, त्यावर डाय आणि बाकीचं साहित्य वेगळं. एक गोष्ट मी त्याला आधीच स्पष्ट केली. स्वस्त म्हणजे सी फ्रेम आणि महाग म्हणजे बंद फ्रेम असं समीकरण नाही. लीचा चॅलेंजर स्वस्तातला आहे, पण त्याची फ्रेम बंद, ओ आकाराची आहे. त्यांचाच क्लासिक कास्ट बिडाचा आहे. किंमत बघून फ्रेम ओळखता येत नाही. ती डोळ्यांनीच बघावी लागते.

पहिली चाचणी: फ्रेम किती वाकते

प्रेस शॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं की सी फ्रेमचा प्रेस लोडखाली तोंड उघडतो. वरचा जबडा थोडा वर आणि मागे जातो, म्हणजे अंतर तर वाढतंच, शिवाय थोडा तिरकेपणाही येतो. बंद फ्रेम दोन्ही बाजूंनी सारखी ताणली जाते, त्यामुळे रॅमची रेषा सरळ राहते. भाच्याने हे वाचलं होतं आणि त्यावरूनच तो आपल्या प्रेसला नावं ठेवत होता. मला त्याला पुढची गोष्ट दाखवायची होती.

वर्कशॉपमध्ये एक सी फ्रेमचा आर्बर प्रेस होता आणि त्यांनीच बनवलेला एक दोन खांबांचा हातप्रेस. लिव्हरचं गुणोत्तर दोन्हींचं जवळपास सारखं होतं. रॅमखाली कडक स्टीलचा ठोकळा ठेवला, टेबल आणि वरचा जबडा यांच्यामध्ये डायल गेज लावला आणि हँडलच्या टोकाला वजन टांगलं. १० किलोला सी फ्रेम ६० मायक्रॉन उघडली, २० किलोला ११५. दोन खांबी प्रेस २० किलोला ३० मायक्रॉनवर थांबला.

"बघा, चौपट फरक!" भाचा म्हणाला.

मग मी त्याला तेच २० किलोचं वजन सी फ्रेमवर दहा वेळा उतरवून टांगायला लावलं. दहाही वाचनं ५ मायक्रॉनच्या आत आली.

हे त्याच्या डोक्यात उतरायला वेळ लागला, म्हणून थोडं सावकाश सांगतो. फ्रेम वाकते यात बिघडत काही नाही. जोर तोच असेल तर ती दर वेळी तेवढीच वाकते. मग डाय तेवढी खाली घेतली की हिशोब मिटला. आम्ही पॉवर प्रेसवर शट हाइट (रॅम पूर्ण खाली आल्यावर उरणारं अंतर) लावताना हेच करतो. घोळ होतो जोर बदलतो तेव्हा. एका पुंगळीला १० किलो लागले आणि दुसरीला २०, तर सी फ्रेममध्ये ५५ मायक्रॉनचा फरक पडणार आणि दोन खांबी प्रेसमध्ये त्याच्या पाव. म्हणजे प्रेस चूक जन्माला घालत नाही, दुसरीकडे जन्मलेली चूक मोठी करतो. मग जोर का बदलतो, हे शोधायला हवं.

दुसरी चाचणी: पितळ

काडतुसाच्या पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. इंग्रजीत या मिश्रणाला नावच काडतुसावरून पडलंय. या प्रमाणाची नळी आपल्याकडे सहज मिळते. बाहेरून १२ मिमी आणि १ मिमी भिंतीची नळी आम्ही कापली, आणि ११.८० मिमी भोकाच्या कडक रिंगमधून दाबून काढली. बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने माप ११.८१. म्हणजे रिंगमधून सुटल्यावर ती १० मायक्रॉन परत फुगली होती.

मग तिला आतून मँड्रेल, म्हणजे कडक दांडी, घालून पुन्हा फुगवलं, पुन्हा रिंगमधून काढलं. हेच पुन्हा पुन्हा. पाचव्या फेरीला माप ११.८५ आलं, आणि रॅम ढकलायला जास्त जोर लागतोय हे हाताला कळत होतं. प्रेस तोच, रिंग तीच. बदललं होतं पितळ.

यात नवं काही नाही. नाशिकचं नाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आहे. लहानपणी मी भाच्याच्या आजीबरोबर भांडी बाजारात जायचो तेव्हा ठोक्यांचा तो आवाज ऐकत उभा राहायचो. तांबट थोडा वेळ ठोकतो आणि मग भांडं भट्टीत घालतो, कारण ठोकून ठोकून धातू कडक होतो, वळेनासा होतो आणि जास्त ताणला तर तडकतो. तापवलं की तो पुन्हा नरम पडतो. पुंगळीचं अगदी तसंच आहे. प्रत्येक वेळी झाडली की फुगते, प्रत्येक वेळी डायमध्ये दाबली की आकसते, आणि प्रत्येक फेरीला थोडी कडक होते. कडक पितळ दाबायला जास्त जोर मागतं आणि सोडल्यावर जास्त परत येतं.

नळीचं टोक आम्ही बर्नरवर तापवलं, गार केलं आणि पुन्हा रिंगमधून काढलं. माप ११.८१.

आता मी त्याची वही मागितली. खोक्यांवर त्याने पुंगळ्या किती वेळा वापरल्या ते लिहून ठेवलेलं होतं. नेमबाज माणसाची शिस्त. मात्र नोंदी करताना सगळ्या पुंगळ्या एकत्र मोजल्या होत्या. आम्ही त्या वेगळ्या केल्या. एकदाच वापरलेल्यांमध्ये फरक होता १ थाऊचा. तीनदा वापरलेल्यांमध्ये २ चा. सहा-सात वेळा वापरलेल्यांमध्ये ५ चा. प्रेस सगळ्यांना एकच.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आणि वंगण, मामा? मी कधी जास्त लावतो, कधी कमी." तोही जोर बदलण्याचाच मार्ग. मी मान हलवली. हे त्याचं त्याला सुचलं, याचा मला फार आनंद झाला.

पुंगळी तापवताना एक धोका आहे, तो इथे लिहिलाच पाहिजे. तापवायचा तो फक्त गळा आणि खांदा. बुड कधीही नाही. ६२,००० पीएसआय धरून ठेवण्याचं काम बुडाकडचं कडक पितळ करतं. ते नरम पडलं तर पुंगळी नेमबाजाच्या तोंडाजवळ फुटू शकते. हे काम अंदाजाने, ज्योतीचा रंग बघून शिकायचं नाही. ज्याला येतं त्याच्याजवळ बसून शिकायचं आणि तोवर जुन्या पुंगळ्या सरळ बाद करायच्या. बाद पुंगळीचं नुकसान किरकोळ असतं.

९ मिमीचा हिशोब वेगळा

रायफलपुरतं माझं मत झालं होतं: प्रीमियम प्रोग्रेसिव्हचा इथे उपयोग नाही. महिन्याला ६० काडतुसं एका संध्याकाळी सिंगल स्टेजवर निवांत भरून होतात. पैसे घालायचेच असतील तर बिडाच्या बंद फ्रेमच्या प्रेसमध्ये घालावेत, कारण जोरात उरलेला फरक तो कमी मोठा करेल. आणि त्याआधी खांद्याचं माप घ्यायचा कंपॅरेटर, चांगला तराजू आणि त्याची तपासणी वजनं. मोजायचं साधन कच्चं असेल तर सुधारणा झाली की नाही हे कशावरून कळणार?

पिस्तुलाचं गणित मात्र खरोखर वेळेचं होतं. कार्बाइडच्या, म्हणजे अतिशय कडक आणि गुळगुळीत, डायमुळे तिथे वंगण लागत नाही, आणि पुंगळी चेंबरमध्ये खांद्यावर नाही, तोंडाच्या कडेवर टेकते. सामन्याच्या अंतरावर एक-दोन थाऊंनी काही बिघडत नाही. म्हणून इथे जास्तीच्या पैशातून अचूकता विकत मिळत नाही, तास मिळतात. सिंगल स्टेजवर एक पुंगळी पाच वेळा हातातून जाते. ५०० पुंगळ्या म्हणजे २,५०० हालचाली, दर हालचालीला ६ सेकंद धरले तर ४ तास १० मिनिटं, डाय बदलायचा वेळ वेगळा. टरेटवर एका काडतुसाला २० सेकंद धरले तर पावणेतीन तासांच्या आसपास. प्रोग्रेसिव्हवर स्ट्रोकला ८ सेकंद धरले तर तास-सव्वातास, आणि प्रायमरच्या नळ्या भरणं वगैरे धरून दीड.

स्वस्त आणि महाग प्रोग्रेसिव्हमधला फरकही इथेच दिसतो. फ्रेमपेक्षा तो दोन ठिकाणी असतो: चकती अचूक थांबते का, आणि प्रायमर दर वेळी नीट येतो का. या दोन्ही जागांचे सुटे भाग झिजतात. ते भाग मिळणं, कंपनीने फोन उचलणं, हे यंत्राच्या किमतीत धरायला हवं. अंबडमध्ये मी कितीतरी सुंदर यंत्रं एका सुट्या भागावाचून गंजताना पाहिली आहेत.

पण मला काळजी वेगळ्याच गोष्टीची होती. सिंगल स्टेजवर माणूस ५० पुंगळ्यांमध्ये पावडर घालतो, ठोकळ्यात उभ्या करतो आणि बॅटरी घेऊन प्रत्येकीत डोकावतो. प्रोग्रेसिव्हवर ती पुंगळी डोळ्यांसमोरून दोन सेकंदांत निघून जाते. ९ मिमीच्या पुंगळीत बऱ्याच पावडरी तळाशीच बसतात, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी ती बाहेर सांडत नाही, आणि दुप्पट म्हणजे पिस्तूल फुटणं. उलट, पावडर पडलीच नाही तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत निम्म्यात अडकते. नेमबाजाच्या ते लक्षात आलं नाही आणि त्याने पुढची झाडली, तर नळी फुगते किंवा फाटते. हाताने फिरवायच्या चकतीवर कुणी हाक मारली, लक्ष गेलं आणि चकती फिरवायची राहिली, की त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर. आपोआप फिरणाऱ्यावर ही चूक पुष्कळ कमी होते. पाच स्टेशनांचा आणखी एक फायदा: एका स्टेशनवर पावडरची उंची तपासणारं उपकरण बसवता येतं. चार स्टेशनांवर सहसा त्याला जागाच उरत नाही.

प्रेस शॉपमध्ये बोटं गेलेली माणसं मी बघितली आहेत. दोन्ही हातांनी दाबायची बटणं कारखान्यात आली त्याच्या आधीची ती माणसं. प्रत्येक जण म्हणायचा, माझं लक्ष होतं. म्हणून लक्षावर चालणाऱ्या सुरक्षिततेवर माझा विश्वास नाही.

काय ठरलं आणि काय झालं

त्या संध्याकाळी मी त्याला असा सल्ला दिला: जुना प्रेस विकू नकोस. रायफलसाठी आधी पितळ आणि वंगण सुधार, आकडे बघ, मग वाटलं तर बिडाचा बंद फ्रेमचा सिंगल स्टेज घे. पिस्तुलासाठी वर्षभर टरेट वापर. एका वेळी एकच काडतूस बनतं, पावडर पडल्यावर तू प्रत्येक पुंगळीत बघू शकतोस. हात बसला की पाच स्टेशनांचा घे, पावडर तपासणाऱ्या उपकरणासकट.

रायफलच्या बाबतीत त्याने ऐकलं. रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजाकडून तो गळे तापवायला शिकला, वंगण मोजून लावायला लागला आणि जुन्या, सी फ्रेमच्या, १०० डॉलरच्या प्रेसवरच पुढचे ६० काढले. फरक ५ थाऊंवरून २ वर आला. प्रेसवर एक डॉलरही न खर्चता. नंतर त्याने बिडाचा प्रेस घेतलाच, तेव्हा तो दीडवर आला. अर्ध्या थाऊसाठी २०० डॉलर योग्य की नाही, हा त्याचा प्रश्न. मी असतो तर घेतला असता. बिडाचा प्रेस नातवालाही पुरतो.

पिस्तुलाच्या बाबतीत त्याने माझं ऐकलं नाही. टरेट न घेता जानेवारीतच पाच स्टेशनांचा प्रीमियम प्रेस घेतला. फोनवर त्याने कारण सांगितलं. घरी दोन लहान मुलं, दोघंही नोकरी करणारे, आणि पंधरवड्यातून एकदा रात्री नऊनंतर मिळणारा दीड तास. "टरेटवर मी घाईघाईत भरेन, मामा. आणि घाईत चुका होतात, हे तुम्हीच सांगितलंत." मी जे तास मोजले होते ते निवृत्त माणसाचे होते. त्याच्या घरातले तास मला मोजता आले नव्हते. त्याचा निर्णय त्याच्यापुरता बरोबर होता, असं मी त्याला तेव्हाच सांगितलं. एकच अट घातली: तपासणीचं उपकरण लावल्याशिवाय पहिला स्ट्रोकही नाही, आणि पहिले दोन महिने चकतीवर एका वेळी एकच पुंगळी. त्याने दोन्ही पाळलं.

जुना ॲल्युमिनियमचा प्रेस आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आहे. वापरलेले प्रायमर काढायचं सगळं काळं, घाणेरडं काम त्याच्यावर होतं, म्हणजे नवे दोन्ही स्वच्छ राहतात. त्या काजळीत शिसं असतं, म्हणून तिथे काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना हात लावायचा नाही, हा नियम सूनबाईंनी केला आणि तो सगळ्यांत कडक पाळला जातो.

मार्चच्या शेवटी एका सकाळी उठलो तर त्याचा निरोप आलेला होता. रात्री चकती पूर्ण भरून काम चाललं होतं, आणि साधारण दोनशेव्या काडतुसाला तपासणीच्या उपकरणाचा गजर वाजला. त्याने हँडल जिथल्या तिथे सोडलं आणि वर बघितलं. पावडरचं भांडं रिकामं झालं होतं. त्या पुंगळीत तळाला जेमतेम चिमूटभर होती, आणि पुढच्या स्ट्रोकला तिच्यावर गोळी बसून ती बाकीच्या दोनशेंसारखीच दिसायला लागली असती. त्याने ती उचलून बाजूला ठेवली. मग आधीची वीस काडतुसं एकेक करून तराजूवर ठेवली, शेवटच्या तिघांचा संशय आला म्हणून ती उघडली, आणि दिवा मालवून झोपायला गेला. निरोपाखाली त्या पुंगळीचा फोटो होता, वरून, बॅटरीच्या उजेडात काढलेला.

मी तो ताईला दाखवला. तिला त्यात काय बघायचं ते कळेना, म्हणून मी तिला चहा ठेवायला सांगितला आणि पहिल्यापासून सगळं समजावून सांगायला बसलो.